वहिनी आल्या की दिवा जातो

माझ्या नाकावर राग आहे असं लहानपणापासून लोक सांगत आले, आणि सांगणाऱ्यांवर मी तेव्हापासून रागावत आले. त्यात नोकरी लागली ती बस डेपोच्या चौकशी खिडकीवर. गाडी आली का, गेली का, आधी कुठली येणार, मागून कुठली, याची उत्तरं जाळीमागे बसून देण्यात सगळी नोकरी गेली. मुळात राग नसलेल्या माणसालाही त्या खिडकीत राग येऊ लागतो, माझ्याकडे तर घरचाच साठा होता. निवृत्त झाले तरी आवाज अजून रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा आहे.

असं असूनही एका माणसाशी माझं जन्मभर जमलं, ते म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जमलं म्हणजे आम्ही रोज भांडतो. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. हे घर दोघा भावांनी मिळून बांधलं. खाली आम्ही, वर ते. दोघे भाऊ एकापाठोपाठ गेले, मला मूलबाळ नाही, वहिनींचा मुलगा नोकरीमुळे दुसऱ्या गावी. राहिलो आम्ही दोघी, एक खाली आणि एक वर. फ्रिज दोघींत एकच, तो माझ्याकडे. टीव्हीही एकच, तोही माझ्याकडे. त्यामुळे वहिनी गुडघ्यांना शिव्या घालत, कठड्याला धरून, दिवसातून कितीदा तरी जिना उतरायच्या. खरं सांगायचं तर फ्रिज आणि टीव्ही हे निमित्त होतं, आणि हे दोघींनाही माहीत होतं.

आमची बैठक मधल्या खोलीत. या खोलीला खिडकी नाही. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला माझी झोपायची खोली, त्यामुळे भर दुपारीसुद्धा छताचा दिवा लावावा लागतो. तो दिवा एके दिवशी वहिनी आत आल्या तेव्हा बंद होता. मला वाटलं वीज गेली. पण टीव्ही चालू! आम्ही तशाच अंधारात टीव्हीच्या उजेडात बसलो. कार्यक्रम संपला, वहिनी वर गेल्या, आणि थोड्या वेळानं दिवा आपला आपण लागला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी वायरमनला बोलावलं. हा आमच्या गल्लीतलाच, पोट सुटलेला, बोलण्यात पटाईत माणूस. कुठलंही काम असो, आधी बटण दाबून बघायचं आणि मग "हं" म्हणायचं ही त्याची पद्धत. त्यानं बटण दाबलं. दिवा लागला.

"हं," तो म्हणाला. "बाई, लागतोय की."

"आत्ता लागतोय हो. संध्याकाळी जाईल."

"मग संध्याकाळी बोलवायचं."

माझा पारा चढला तसा त्यानं निमूटपणे बल्ब बदलला. दिवा पुन्हा जायला लागला तेव्हा त्यानं स्विच बदलला. मग होल्डर बदलला. प्रत्येक वेळी तो आला की दिवा लख्ख, आणि तो गेल्यावर काही वेळातच काळोख. एकदा तर मी त्याला चहावर चहा पाजून बसवून ठेवलं, की बघाच तुम्ही आता कसा जातो ते. तो बसला, पोट फुगेपर्यंत चहा प्यायला, पण दिवा हूं की चूं करेना. जाताना त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी ओळखते. खिडकीवर कुणी "उद्याची गाडी आज येईल का" विचारलं की मी त्यांच्याकडे तसंच पाहायची.

वहिनी भिडस्त. घरात परका माणूस आला की त्या खाली फिरकत नाहीत. ही गोष्ट तेव्हा मी लक्षातच घेतली नाही.

त्यांच्या मात्र सगळं लक्षात येत होतं. एक दिवस काळोखात खुर्ची चाचपडत त्या म्हणाल्या, "धाकटे, मी आले की जातो गं तुझा दिवा."

"काहीतरीच!"

"काहीतरीच काय? मी नसते तेव्हा जातो का कधी?"

मी आठवून पाहिलं. नव्हता जात. पण असलं कबूल करण्यातली मी नव्हे. "तुम्ही काय वायर कुरतडता का येऊन?" मी म्हटलं.

वहिनी हसल्या नाहीत. "पायगुण असतो एकेकाचा," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्यांना असं झाडलं की बोलायची सोय नाही. पायगुण म्हणे! ज्या बाईनं माझ्या आजारपणात महिनाभर माझं अंथरूण बदललं, मला घास भरवले, तिचा पायगुण वाईट? पण वहिनींच्या डोक्यात एकदा काही शिरलं की निघत नाही. त्यानंतर त्या दारातूनच डोकावून विचारू लागल्या, "आहे का गं?" मी नाही म्हटलं की तिथूनच परत. आणि दिवा नसायचाच. मग त्या यायच्याच बंद झाल्या. त्यांचं दूध मी वर नेऊन द्यायला लागले. खाली येऊन एकटीनं टीव्ही लावायची. दिवा अगदी मन लावून जळत असायचा, आणि मला त्याच्याकडे बघून संताप यायचा.

मग एके सकाळी मी दूध घेऊन वर गेले, तर वहिनी कपाट उघडून साड्यांच्या घड्या पलंगावर मांडत होत्या.

"मुलाला हो म्हटलं मी," त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "कधीचा मागे लागलाय. रविवारी न्यायला येतोय."

"किती दिवस?"

"आता कायमचंच. या गुडघ्यांनी किती दिवस जिना चढायचा? आणि खाली येऊन तरी काय, तुझ्या घरात अंधारच करते मी."

दूध ठेवलं आणि खाली आले. मधल्या खोलीत बसून त्या दिव्याला तोंडाला येईल ते बोलले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, की हा दिवा का जातो ते रविवारच्या आत शोधून काढायचं. कारण सापडलं की पायगुणाचं खूळ जाईल, आणि खूळ गेलं की वहिनी राहतील. माझा हिशेब सरळ होता.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी वायरमनला धरूनच आणला. "आज माझ्यासमोर दिवा जाणार," मी म्हटलं. "तुम्ही फक्त बघा." मग जिन्याशी उभी राहून ओरडले, "वहिनी, खाली या!"

"नको गं, माणसं आहेत," वरून आवाज.

"माणसं नाहीत, वायरमन आहे!"

वायरमनला हे लागलं असावं. बराच वेळ वर खुडबुड झाली आणि दिवा गेला.

"अरेच्चा!" वायरमन स्टुलावरून उठलाच. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी त्याला मागचं सगळं माफ केलं. इतके दिवस त्याला मी वेडी वाटत होते. आता तोही माझ्या पंगतीला आला.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "बघितलंत ना?" त्या पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाल्या आणि वळल्या.

"थांबा हो आजी," वायरमन म्हणाला. "तार सैल असणार. तुम्ही वर चाललात की छत हलतं, आणि तार सुटते. जा बरं वर, आणि या दिव्याच्या डोक्यावर चाला."

वहिनी वर गेल्या. दिवा आला. त्यांची पावलं डोक्यावरून इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

"आपटा पाय!" वायरमन ओरडला.

वहिनींनी गुडघ्यांची पर्वा न करता पाय आपटले. छताचा थोडा चुना त्याच्या डोक्यावर पडला. दिवा तसाच.

"मग दाराचा हादरा." दार आपटून झालं. मी माझं आपटलं, वहिनींनी त्यांचं आपटलं, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. दिवा ढिम्म. वायरमननं कपाळावरचा चुना पुसला आणि हात टेकले. "आजी, या पुन्हा खाली. आता मी डोळ्यांची पापणी लववत नाही."

तो दिव्याकडे बघत राहिला. मी मात्र सवयीनं कान दिला. गाडी दिसायच्या आधी ऐकू येते, हे खिडकीवर बसून कळतं. आणि माझ्या ध्यानात आलं की आधी दिवा गेला. मग वर कुलपाची खटखट झाली. मग किल्ल्यांचा जुडगा वाजला. मग पहिल्या पायरीवर चप्पल, मग थांबणं, मग "आई गं", मग दुसरी पायरी.

"थांबा!" मी अशी ओरडले की वहिनी जिन्यातच थिजल्या आणि वायरमन स्टुलावरून पडता पडता वाचला. "आधी दिवा गेला! तुमचा पाय अजून खाली आलाच नव्हता वहिनी! तुम्ही घराबाहेरसुद्धा पडला नव्हता! पायगुण म्हणायचा तर पाय नको का यायला?"

"काय म्हणतेस तू मला काही कळत नाही," जिन्यातून आवाज आला.

मी जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिले आणि त्यांना धारेवर धरलं, अगदी खिडकीवर एखाद्याला धरायची तसं. "खाली यायला निघाल्यावर काय काय करता? एकेक सांगा. गाळायचं नाही."

"काय करणार? खिडकी लावते. नळ बघते. मेन बंद करते. कुलूप लावते."

"मेन बंद करता?"

"घर सोडताना मेन बंद करायचा. ह्यांची शिस्त होती."

"अहो, खाली माझ्याकडे यायला?"

"मग? घर सोडतेच की मी," वहिनी ठसक्यात म्हणाल्या.

वायरमन एव्हाना दोन दोन पायऱ्या टाकत वर गेला होता. पोटाच्या मानानं माणूस चपळ निघाला. वरून त्याचा आवाज आला, "हा नवा मेन कुणी बसवला?"

मुलानं, वहिनी म्हणाल्या. मागच्या खेपेला आला होता तेव्हा जुना तडकलेला बघून बसवून गेला. आणि मग माझी ट्यूब पेटली, की दिव्याचं हे नाटक सुरू झालं ते पोरगा परत गेल्यानंतरच.

वायरमननं खाली येऊन छताची गोल डबी उघडली, वहिनींचा मेन बंद ठेवून तारांना टेस्टर लावला. एका तारेवर लाल ठिपका पेटला. दुसरीवरही पेटला. "हे बघा," तो आम्हा दोघींना वर बघायला लावत म्हणाला. "वीज एका तारेनं येते, दुसरीनं परत जाते. परतीच्या तारेवर टेस्टर पेटत नसतो. इथं पेटतोय, कारण तिला परत जायला वाट नाही. आणि का नाही? कारण ही काळी तार तुमच्या बोर्डात जातच नाही बाई. ती वर जातेय, आजींच्या बोर्डात. जुना मेन एकच तार तोडायचा, म्हणून काही कळलं नाही. नवा दोन्ही तोडतो. आजींनी मेन बंद केला की तुमच्या दिव्याची परतीची वाट बंद."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हे कुणाचं काम ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. वरचा मजला चढवला तेव्हा दोघा भावांनी वायरमन लावायला साफ नकार दिला होता. एक शिडीवर, एक शिडीखाली, आणि दोघांची वादावादी गल्लीच्या टोकापर्यंत. त्यात भिंतीवरचा हा दिवा छताच्या मध्यावर आणला. बोर्डापर्यंत तार खेचायचा कंटाळा आला असणार, आणि वरची तार हाताशी होती. भावाचीच तर तार! आपलं काय आणि त्याचं काय?

"ह्यांचंच डोकं," वहिनी म्हणाल्या.

"नाही हो, आमच्या ह्यांचा आळस," मी म्हटलं. यावर थोडं भांडण झालं आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मग वहिनी जिना चढून वर गेल्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या झपाझप चढताना पाहिलं नव्हतं. वरून आवाज आला, "गेला का?"

"गेला!" मी ओरडले.

"आता?"

"आला!"

"आता?"

"गेला! अहो, पुरे!"

"थांब गं, अजून एकदा!" त्या हसत होत्या. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. मीही खाली पोट धरून हसत होते, आणि वायरमन मध्येच कळवळून ओरडत होता, "आजी, नवीन मेन आहे तो, खेळणं नाही!"

हसून झाल्यावर तो गंभीर झाला. एका मीटरची तार दुसऱ्याला जोडणं धोक्याचं, म्हणाला, काम करताना कुणी चिकटलं असतं. दोन्ही मेन बंद करून त्यानं ती काळी तार वर आणि खाली दोन्हीकडून सोडवली आणि माझ्या बोर्डातून नवी तार खेचली. भिंतीवर पट्टी मारली ती थोडी वाकडी गेली. मी सांगितलं, तर म्हणाला सरळच आहे, भिंत वाकडी आहे.

मग खरी परीक्षा. मी माझा मेन चालू केला, वहिनींचा बंदच होता. त्या जिना उतरून माझ्या दारात आल्या आणि थांबल्या. सगळं समजावून झालं होतं, स्वतःच्या हातानं दिवा घालवून आणून झाला होता, तरी उंबरठ्याशी त्यांचा पाय अडला. त्यांनी डोळे मिटले. एक पाय आत टाकला.

"आहे का गं?"

"डोळे उघडा."

त्यांनी उघडले. दिवा होता. त्यांनी दुसरा पाय आत घेतला, खोलीच्या मध्यावर दिव्याखाली येऊन उभ्या राहिल्या, वर बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. वायरमन पक्कड शोधायला उगाचच स्वयंपाकघरात गेला.

मी जिंकले होते. संध्याकाळी शीळ घालत वर गेले, तर वहिनी बॅगेत साड्या भरत होत्या.

"हे काय?" मी म्हटलं. "कारण सापडलं ना?"

"सापडलं की. बरं झालं बाई, मनावरचं ओझं गेलं."

"मग जाताय कशाला?"

"मुलाला शब्द दिलाय." त्यांनी एक घडी उलगडली, पुन्हा घातली. "आणि धाकटे, तुझा दिवा लागला. मला राहा असं कोण म्हणालंय?"

खरंच, कोण म्हणालं होतं? मी वायरमन आणला होता, त्यांना पाय आपटायला लावले होते, छत उकरलं होतं. एवढं सगळं केलं, आणि दोन अक्षरं तेवढी राहून गेली. जन्मभर लोकांनी मला विचारलं आणि मी उत्तरं दिली. आपण होऊन कुणाकडे काही मागायची सवयच नाही मला.

"राहा," मी म्हटलं. ते नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हटलं, आणि आवाज एवढा मोठा निघाला की कुत्रा पुन्हा भुंकला. "राहा म्हणते मी! एकटीनं टीव्ही बघवत नाही मला! भांडायला कोण आहे मला दुसरं? आणि गुडघ्यांचं म्हणाल तर खाली या. पलंग मधल्या खोलीत टाकू. जिनाच नको!"

"अगं, ओरडतेस काय?"

"ओरडणारच!"

वहिनी पलंगावर बसल्या. बॅगेच्या पट्ट्याशी चाळा केला. "मधल्या खोलीत हवा येत नाही," त्या म्हणाल्या.

"पंखा लावू."

"आणि तू घोरतेस. भिंतीपलीकडून वरपर्यंत ऐकू येतं."

तेव्हा मला कळलं की त्या राहताहेत.

रविवारी पुतण्या आला तो आईला न्यायच्या तयारीनं, आणि आल्या आल्या त्याच्या हाती पलंगाचा पाय दिला गेला. दुसऱ्या टोकाला वायरमन. तो पंखा लावायला आला होता आणि सापडला. जिन्याच्या वळणावर पलंग अडकला, तेव्हा वहिनी वरून आणि मी खालून अशा दोघी एकाच वेळी सूचना द्यायला लागलो. पुतण्यानं घाम पुसत विचारलं, "काकू, पण आई मला हो म्हणाली होती, मध्येच असं झालं तरी काय?"

"विचारायचं राहिलं होतं," मी म्हटलं. "ते विचारलं."

त्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पलंग उचलला. पोरगा गुणी आहे. रागावला नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन म्हणाला, आणि मी त्याला तिथल्या तिथे गाड्या सांगितल्या.

दुपारची जेवणं झाली. पलंग मधल्या खोलीत लागला, पंखा फिरू लागला. वहिनी नव्या चादरीवर आडव्या झाल्या, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळल्या, आणि कपाळावर हात घेत वैतागून म्हणाल्या, "धाकटे, बंद कर बाई तो दिवा. डोळ्यांवर येतोय."

पुतण्या हसला. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत उठले आणि बटण दाबलं. इतक्या आनंदानं मी आजवर एकही दिवा बंद केला नव्हता.